पहाटे चारचं पाणी

फक्की मारून झाली. परसात, शेवगा आणि जुना गोठा यांच्या मधल्या जागेत १४ फूट बाय ९ फुटांचा पांढरा चौकोन उमटला. मजूर टिकाव-फावडी घेऊन तयार होते. ओट्यावर बसून बघणाऱ्या आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या आप्पांनी तेवढ्यात विचारलं, ‘‘ताई, मे महिन्यात रात्री लाइट गेली, की या माशांचं काय करशील?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर वाचलेलं सगळं डोक्यात होतं. पंप, फिल्टर, जपानी जातींची नावं, सगळं तोंडपाठ होतं. हा प्रश्न मात्र कुठेच वाचला नव्हता. ‘‘बघू पुढे,’’ म्हटलं आणि पहिला टिकाव मारायला सांगितला. त्या ‘बघू पुढे’ने माझे तीन मासे नेले. म्हणून आज कुणी विचारलं, की घरामागे कोईचं तळं करायचंय, सुरुवात कुठून करू, तर जागा, आकार आणि खर्च यांच्या आधी मी आप्पांचा प्रश्न पुढे ठेवते. संध्याकाळी चहाचा कप घेऊन काठावर बसलो की तळं सुंदरच दिसतं. ते बांधायचं असतं मे महिन्यातल्या पहाटे चारसाठी. खोली, सावली, पंप, माशांची संख्या, सगळं त्या एका वेळेवरून ठरतं.

आमचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षाच्या पट्ट्यात. पाणी साठवणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, पण त्याआधीपासून आमच्याकडचे बागायतदार काळा कागद अंथरून उन्हाळ्याचं पाणी राखत आलेत. ‘कागद’ म्हणजे शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं, अर्धा मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक. आप्पांनी आयुष्यभर पाणी राखलं ते वेलींसाठी. मासे हौसेनं पाळायचे, तेही खाण्यासाठी नाही, हे त्यांना पहिल्यांदा पटलं नव्हतं.

त्यांचं मन वळलं ते निगाताच्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितल्यावर. ‘कोई’ या जपानी शब्दाचा अर्थ नुसता कार्प मासा. आपल्या धरणांतून बाजारात येणारा कॉमन कार्प, ज्याला मासेवाले सायप्रिनस म्हणतात, त्याचाच हा रंगीत भाऊबंद. जपानच्या निगाता प्रांतात, यामाकोशी आणि आसपासच्या डोंगराळ गावांत, भातशेतीचं पाणी साठवायच्या तळ्यांत शेतकरी हे काळे कार्प ठेवत. हिवाळ्यात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ पडायचा, रस्ते बंद व्हायचे, तेव्हा हेच मासे पोटाला आधार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काही पिल्लांच्या अंगावर लाल-पांढरे डाग दिसू लागले. कुण्या शेतकऱ्याला ते खावेसे वाटले नाहीत. त्याने ते वेगळे काढले, वाढवले, एकमेकांशी जुळवले. १९१४ साली तोक्योच्या मोठ्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि डोंगरातली ती हौस सगळ्या जपानला कळली. त्यांचं पूर्ण नाव निशिकीगोई. निशिकी म्हणजे किनखाप, जरीचं विणकाम. पैठणच्या माणसाला हे नाव समजावून सांगायला नको.

आप्पा एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे आपल्यासारखीच माणसं.’’ दुसऱ्या दिवशी ते मजुरांबरोबर उभे राहिले.

कोई वरून बघायचा मासा आहे. पांढऱ्यावर लाल असलेला कोहाकू, त्यात काळे ठिपके आलेला सान्के, काळ्या अंगावर लाल-पांढरं खेळणारा शोवा, या सगळ्यांची पारख पाठीवरच्या नक्षीवरून होते. काचेच्या टाकीत त्याचं सौंदर्य निम्मं जातं, वाढही खुंटते. त्याला तळंच लागतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. तिथल्या पुलावर उभं राहून खाली बघितलं की हे लगेच कळतं.

खोदाई सोपी नव्हती. वर अडीच फूट काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक. घरच्या तळ्यांची निम्मी वाट ही काळी मातीच लावते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्या कुशीत बांधलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते. आमच्या गवंडीमामांनी चारी बाजूंनी दीड-दीड फूट जास्तीची काळी काढायला लावली आणि भिंतीमागे मुरूम भरून घेतला. भिंत मुरमावरून उचलली, सहा इंची ब्लॉकची. मला बाजू उतरत्या हव्या होत्या, चित्रातल्या तळ्यांसारख्या. मामांनी ओळंबा धरला आणि म्हणाले, ‘‘उतार दिला, की ढोकरी येऊन उभी राहील.’’ ते खरं ठरलं. सरळ भिंतीच्या, पाच फूट खोल तळ्याच्या काठावर ढोकरी येते, बघते आणि निघून जाते. तिला पाय टेकायला जागा मिळत नाही.

खोली मी चार फूट धरली होती, एक फूट आप्पांनी वाढवली. उन्हाने वरचं पाणी तापलं तरी तळाशी माशाला थारा हवा, हा त्यांचा हिशेब. काठापासून अर्धा फूट रिकामा सोडला तर आत साधारण १६ हजार लिटर पाणी मावतं. प्रत्येक मोठ्या कोईला किमान हजार लिटर हा पाळणाऱ्यांचा ढोबळ नियम, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन हजार धरावेत असं मला अनुभवानं वाटतं. विकत घेताना मासा पाच इंचांचा असतो. तो दोन फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो, हे त्या दिवशी लक्षात राहत नाही.

सिमेंटची टाकी का नाही, असं अनेकजण विचारतात. ती पाहायला मी संगमनेरकडे एका शेतकऱ्याच्या घरी गेले होते. त्यांची टाकी देखणी होती, पण नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू माशांना सोसवत नाही इतका चढतो. त्यांनी पाणी भरून त्यात केळीच्या बुंध्याचे तुकडे कुजत ठेवले, पाणी सोडून दिलं, पुन्हा भरलं, असं महिनाभर केलं, तेव्हा कुठे मासे टिकले. ही जुनी आणि चांगली रीत आहे. आमच्याकडे मात्र कागद लावणारी पोरं हाकेच्या अंतरावर. आम्ही कागदच घेतला.

तळाला बारीक चाळलेली वाळू, भिंतींना गिलावा, त्यावर जुन्या ताडपत्रीचे दोन पदर, आणि मग कागद. डिसेंबर होता. थंडीत हा कागद पत्र्यासारखा ताठ राहतो, म्हणून पोरांनी तो सकाळीच परसात उलगडून ठेवला आणि ऊन चढून मऊ पडल्यावर दुपारी दोनला आत सोडला. कोपऱ्यांत घड्या घालायच्या नाहीत, कारण घडीत घाण साचते. कापून गरम हवेच्या मशिनने सांधायचे. तळाच्या मध्यावर चार इंची पाइप, त्यावर झाकण. तळातली घाण याच वाटेने बाहेर पडते. कागद आणि पाइप जिथे भेटतात तिथे स्टीलचे स्क्रू आणि सीलंट. तळ्यातली सगळ्यांत नाजूक जागा हीच, असं मी धरून चालले होते.

गळालं दुसरीकडेच. पाणी भरलं आणि रोज कमी होऊ लागलं. बाष्पीभवन की गळती? यासाठी एक साधी परीक्षा आहे. तळ्यात विटांचा ठोकळा रचून त्यावर बादली ठेवली, बादलीत तळ्याच्या पातळीइतकंच पाणी घेतलं आणि दोन्हीकडे खडूने खूण केली. बादलीवर जे ऊन तेच तळ्यावर, जो वारा तोच वारा. दुसऱ्या दिवशी बादली अर्धं बोट उतरली होती, तळं तीन बोटं. मग पंप बंद करून वाट पाहिली. पातळी काठापासून फूटभर खाली आली आणि तिथे थांबली. पाणी थांबतं त्याच उंचीवर गळतीचं तोंड असतं. कडेकडेने बोट फिरवत गेले तेव्हा पूर्वेच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर ते सापडलं: गरम हवा थोडी जास्त लागून कागद करपलेला, ज्वारीच्या दाण्याएवढी चीर. पोरांनी येऊन ठिगळ लावलं. वीस मिनिटांचं काम, शोधायला पाच दिवस.

फिल्टर आम्ही घरीच केला: तीन निळे ड्रम, २०० लिटरचे, तळ्याच्या पातळीला जमिनीत बसवलेले. तळाच्या पाइपातून पाणी आपोआप पहिल्या ड्रममध्ये येतं, गोल फिरतं, जड घाण खाली बसते. दुसऱ्यात हिरव्या जाळीच्या गुंडाळ्या. तिसऱ्यात जुन्या ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचे अंगठ्याएवढे तुकडे, पोतंभर. चार संध्याकाळी आई, मी आणि धाकटा भाऊ कात्र्या घेऊन ते कापत बसलो होतो. आधी नळ्या स्वच्छ धुऊन घेतल्या, कारण त्यांच्यातून खतं आणि ॲसिड गेलेलं असतं. शेवटी तासाला आठ हजार लिटर उचलणारा पंप पाणी परत तळ्यात सोडतो. म्हणजे दोन तासांत सगळं तळं एकदा गाळून निघतं. विजेचा बोर्ड उंचावर, पत्र्याखाली, ईएलसीबी आणि स्वतंत्र अर्थिंगसह. इथे पैसे वाचवायचे नाहीत. तळ्याभोवती अडीच फुटी रेलिंग आणि रात्री वरून जाळी, हेही पहिल्याच दिवशी केलं. शेजारी दोन लहान मुलं आहेत, आणि साडेचार फूट पाणी मुलांना फार असतं.

ते नळीचे तुकडे काय करतात, हे आप्पांना मी समजावलं आणि त्यांनी ते माझ्याहून चांगलं समजून घेतलं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. पहिली दोन माशाला विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, चिकटून राहतात; त्यांना जागा हवी, आणि ती जागा म्हणजे ते तुकडे. ‘‘हे तर नत्राचं काम,’’ आप्पा म्हणाले. ‘‘मग मासे कशाला आधी टाकतेस? युरिया टाक.’’

आम्ही युरिया टाकला. युरियात ४६ टक्के नत्र. १६ हजार लिटरला ३५ ग्रॅम टाकला की लिटरमागे एक मिलिग्रॅम नत्र होतं. हा हिशेब त्यांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं केला. मासे न टाकता जिवाणूंना जेवण मिळालं. रोज सकाळी थेंबांच्या किटने पाणी तपासून मी वहीत लिहीत गेले. अकराव्या दिवशी अमोनिया दिसला, सव्विसाव्या दिवशी नायट्राइट, आणि दोन्ही शून्यावर यायला ५८ दिवस लागले. उन्हाळ्यात हेच चार-सहा आठवड्यांत होतं. निफाडच्या थंडीत जिवाणूही गारठतात. घाई करणाऱ्यांचे पहिले मासे याच दिवसांत मरतात आणि दोष विकणाऱ्यावर जातो. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू आठच्या वर. सामू सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी वाटा जवळपास दसपट होतो, म्हणून बेसॉल्टच्या मुलखात ही वाट बघणं टाळताच येत नाही. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन आधी घालवायचं. शोभेच्या माशांच्या दुकानात त्यासाठी हायपोचे खडे मिळतात.

फेब्रुवारीअखेर आठ मासे आले. सरळ तळ्यात गेले नाहीत. चार आठवडे वेगळ्या ५०० लिटरच्या टाकीत, दीड किलो खडेमीठ घातलेल्या पाण्यात राहिले. २००३ साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात नागीणवर्गातल्या एका विषाणूने पाळलेले कार्प प्रचंड संख्येने मेले. तो विषाणू बहुतेकदा नव्या माशाबरोबर येतो, आणि बाहेरून मासा धडधाकट दिसतो. आठांतच तळं भरलं होतं, तरी एप्रिलमध्ये मी आणखी चार आणले. ते आणायला नको होते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी शेवाळाने हिरवं झालं होतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: १५ अंशांना लिटरमागे दहा मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यातून मासे, शेवाळ, फिल्टरचे जिवाणू असे सगळेच खाणारे. सूर्य उगवायच्या आधीचा तास म्हणजे खजिन्यात खडखडाट. त्या रात्री अकराला वळवाचं वादळ आलं, एक खांब पडला आणि लाइट गेली. पंप थांबला, पाण्यात हवा सोडणारा छोटा पंपही थांबला. पावसाने गार वाटलं म्हणून आम्ही निवांत झोपलो.

साडेतीनला मला आवाजाने जाग आली. चप, चप, चप. पोळी चावताना दात नसलेल्या माणसाच्या तोंडाचा होतो तसा, पण एका वेळी दहा ठिकाणांहून. बॅटरी मारली तर सगळे मासे पाण्याला तोंडं लावून उभे, कल्ले जोरजोरात हलताहेत, डोळे उजेडाला हटत नाहीत. आप्पा माझ्या मागोमाग आले. काही बोलले नाहीत. त्यांनी कळशी उचलली, तळ्यात बुडवली आणि डोक्याइतक्या उंचीवरून पाणी पुन्हा तळ्यात ओतलं. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत जाते. मी बादली घेतली, भावाने घमेलं. उजाडेपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे हात थरथरायला लागले तरी त्यांनी कळशी खाली ठेवली नाही.

तीन मासे गेले. सगळ्यांत मोठे तिघं. प्राणवायू कमी पडला की आधी मोठा मासा जातो. त्यांतला एक कोहाकू होता, पाठीवर तीन लाल पायऱ्या असलेला. शेवग्याखाली पुरलं त्यांना. आई दिवसभर बोलली नाही.

वीज आल्यावर भावाने पंप चालू करायला हात पुढे केला, तो मी धरला. बंद ड्रममध्ये तासन्‌तास अडलेलं पाणी सडतं, जिवाणू गुदमरून मरतात. ते पाणी थेट तळ्यात गेलं तर उरलेल्यांचाही घात. आधी तिन्ही ड्रम रिकामे केले, मगच बटण दाबलं. ते काळं, वास येणारं पाणी केळीला गेलं. आजही दर आठवड्याला ड्रमचं पाणी केळी, कढीपत्ता आणि गवती चहा यांनाच जातं.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी निगातात मोठा भूकंप झाला. मातीच्या तळ्यांतून मासे घरात आणायचे तेच दिवस. यामाकोशीची तळी फुटली, रस्ते तुटले, वीज गेली. हेलिकॉप्टरने माणसांना हलवलं आणि नंतर जे कोई वाचले होते तेही हेलिकॉप्टरनेच बाहेर काढले. हे मी आधी वाचलं होतं, नवल म्हणून. त्या पहाटेनंतर पुन्हा वाचलं, तेव्हा ती माणसं माझ्या ओळखीची झाली होती.

मग आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर बांधायला घेतलं. हवेचा पंप ४० वॉटचा. तो मोठ्या पंपापासून वेगळा करून १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर आणि इन्व्हर्टरवर घेतला. निम्मी बॅटरी वापरली तरी वीस तासांच्या आसपास हवा मिळते. एअर स्टोन दोन, टोकाटोकाला. तळ्यावर पश्चिमेकडून निम्मी सावली देणारं शेडनेट, मार्च ते जून. शेवाळासाठी यूव्ही दिवा. मेमध्ये खाणं सकाळी नऊच्या आधी नाही आणि सूर्यास्तानंतर तर नाहीच, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. दोन मासे नातेवाइकांकडच्या मोठ्या तळ्यात दिले, आता सात आहेत. सातच राहतील.

ऑक्टोबरमध्ये दुसरी धास्ती असते. द्राक्षाची गोडी छाटणी झाली की पट्ट्यात फवारण्या सुरू होतात. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद माशाला घातक, आणि काही कीटकनाशकं तर थेंबभरही घातक. ब्लोअरचा धूर वाऱ्याबरोबर शंभर पावलं सहज येतो. म्हणून त्या महिन्यांत तळ्यावर प्लॅस्टिकचं छत ओढायची सोय केली. शेजारचे बागायतदार आता फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप देतात. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे; त्यांचंही पीक आहे, आणि त्यांनाही वेळेचं बंधन असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कंटाळा आला, मासे मोठे झाले, घर बदललं, काहीही झालं तरी कोई नदीत किंवा धरणात सोडू नये. कॉमन कार्प १९३९ साली श्रीलंकेतून उटीला आणला गेला आणि आज तो देशभरच्या पाण्यांत आहे. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, आणि आपल्या नद्यांतल्या माशांची अंडी घालायची जागा जाते. वैतरणेवर तिळसे, महाडजवळ वाळणकोंड, अशा डोहांत लोकांनी श्रद्धेनं महासीर पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. त्यांच्या पाण्यात रंगीत पाहुणा सोडणं हे माशावरचं प्रेम नव्हे. आमच्या तळ्याचा सांडवा नाल्याकडे जात नाही. बारीक जाळीतून तो केळीच्या वाफ्यात उतरतो, म्हणजे जुलैच्या धुवांधार पावसातही अंडं किंवा पिल्लू बाहेर जात नाही.

यंदाच्या मेमध्ये, एका रात्री दोनच्या सुमाराला, पुन्हा लाइट गेली. पंपाचं पाणी तळ्यात पडायचा आवाज अचानक तुटला म्हणून मला जाग आली. अंधारात मागच्या दाराशी आले. पत्र्याखालून बॅटरीवरच्या हवेच्या पंपाची बारीक घरघर येत होती आणि पाण्यावर दोन ठिकाणी बुडबुडे फुटत होते. आप्पा आधीच काठावर येऊन बसले होते, पायाशी कळशी, हातातली बॅटरी विझवलेली.

‘‘झोप जा,’’ ते म्हणाले. ‘‘मी नुसता ऐकतोय.’’